कोयनेच्या भिंतीवरचा दाब सॉफ्टवेअरला कसा सांगायचा

सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेशर लावायला गेलं की एक छोटी खिडकी उघडते आणि ती एकच आकडा मागते. शिकताना आपण तिथे १० किंवा १०० टाकतो, फेस (वस्तूची एक बाजू) निवडतो, ओके म्हणतो आणि रंगीत चित्र समोर येतं. प्रत्यक्षातला भार मात्र क्वचितच असा सगळीकडे सारखा असतो. पाणी वर कमी ढकलतं, खाली जास्त. भिंतीचं एक अंग उन्हात तापतं आणि दुसरं पाण्यात बुडालेलं असतं. अशा वेळी सॉफ्टवेअरला जागेगणिक बदलणारा आकडा द्यावा लागतो. तो कसा द्यायचा आणि तो नीट पोचला की नाही हे कसं ओळखायचं, हे आपण कोयना धरण समोर ठेवून पाहू.

कोयनाच का? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या परिसरात ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. धरण उभं राहिलं, पण ज्या भागावरून पाणी सांडत नाही त्या भागात भिंतीला आडव्या भेगा पडल्या. त्या मुख्यतः अशा उंचीवर होत्या जिथे मागच्या, म्हणजे पाणी नसलेल्या बाजूचा उतार एकदम बदलतो. काँक्रीटच्या धरणाला भूकंपात प्रत्यक्ष काय होतं याची इतकी चांगली नोंद फार कमी ठिकाणी आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचं गणित मांडलं आणि पुढे ते जगभरच्या संशोधकांचं नेहमीचं उदाहरण झालं. अबॅकस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या उदाहरणांतही कोयना आहे. सातारा जिल्ह्यातली ही भिंत परदेशातले कितीतरी विद्यार्थी पडद्यावर हलवून पाहतात, आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ती तितकीशी शिकवली जात नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

या उदाहरणात धरणाचा एक उभा काप घेतात. उंची १०३ मीटर, पायाची रुंदी ७० मीटर, पाण्याची पातळी ९१.७५ मीटर. पाण्याकडची बाजू सरळ उभी मानतात. मागचा उतार ६६.५ मीटर उंचीवर बदलतो आणि तिथे भिंतीची जाडी साधारण १९ मीटर उरते. या जागेला आपण धरणाची मान म्हणू.

पाण्याचा दाब पृष्ठभागाशी शून्य असतो आणि दर मीटर खोलीला ९.८१ किलोपास्कलने वाढतो. पायथ्याशी तो ९०० किलोपास्कल होतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ ९२ टन. (हवेचा दाब भिंतीच्या दोन्ही बाजूंनी असतो, म्हणून तो धरत नाहीत.)

आता समजा कोणी म्हणालं, कशाला एवढा व्याप, सरासरी काढू आणि ४५० किलोपास्कल सगळीकडे लावू. भिंतीच्या एक मीटर लांबीवरचा एकूण रेटा दोन्ही पद्धतींनी ४१.३ मेगान्यूटनच येतो. पायाच्या आडव्या प्रतिक्रियांची बेरीज केली तर तीही अगदी जुळते. चूक लपते ती इथेच. खरा दाब खाली जास्त असल्यामुळे त्याचा एकत्रित रेटा पायापासून ३०.६ मीटरवर लागतो. सरासरी दाबाचा रेटा ४५.९ मीटरवर लागतो. त्यामुळे पायाशी भिंतीला उलथवणारा मोमेंट (रेटा गुणिले त्याचं पायापासूनचं अंतर) दीडपट होतो.

मानेपाशी तर गणित पारच बिघडतं. मानेच्या वर पाणी फक्त २५.२५ मीटर आहे. खऱ्या दाबाने तिथे दर मीटर लांबीला २६ मेगान्यूटन-मीटर मोमेंट येतो, सरासरी दाबाने १४३ येतो. साडेपाच पटींचा फरक! ताणाच्या भाषेत सांगायचं तर नुसत्या पाण्याने मानेत वाकण्याचा ताण सुमारे ०.४ मेगापास्कल यायला हवा, तो २.३ च्या वर दिसू लागतो. कोयनेच्या काँक्रीटची ओढ सोसण्याची क्षमता या अभ्यासात साधारण २.४ मेगापास्कल धरलेली आहे. भूकंपाचा झटका क्षणिक असतो म्हणून त्या वेळेसाठी ती २.९ पर्यंत वाढवतात. म्हणजे सरासरीवर विसंबणाऱ्याला भूकंप न होताच धरणाची मान तुटायला आलेली दिसेल, आणि बेरीज मात्र बरोबर असेल. एकूण भार जुळला म्हणजे भार बरोबर लागला, हा समज सोडण्यासाठी मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

तर दाब जागेनुसार द्यायचा. सर्वांत सोपा मार्ग तयार असतो. पाण्याच्या दाबासाठी अबॅकस, अ‍ॅन्सिस अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हायड्रोस्टॅटिक नावाचा लोड असतोच. कुठे तो पाण्याची पातळी आणि घनता विचारतो, कुठे दाब शून्य असलेली उंची आणि दाब माहीत असलेली दुसरी उंची. पाणीच असेल तर हाच वापरावा, उगाच सूत्र लिहीत बसू नये.

पण भार नेहमी पाण्याचा नसतो. गाळ असतो, धान्याच्या कोठीची भिंत असते, वाऱ्याचा झोत असतो. तिथे सूत्र लिहावं लागतं. अबॅकसमध्ये त्याला अ‍ॅनालिटिकल फील्ड म्हणतात. एक्स, वाय, झेड हे अक्ष वापरून सूत्र लिहायचं आणि प्रेशरच्या खिडकीत डिस्ट्रिब्यूशन म्हणून ते निवडायचं. फ्रान्सच्या वीज कंपनीने बनवलेल्या आणि फुकट मिळणाऱ्या कोड अ‍ॅस्टरमध्ये आधी फॉर्म्युला लिहून तो लोडला जोडतात. कॅल्क्युलिक्सही फुकट आहे, तिथे गुंतागुंतीच्या भारासाठी छोटा प्रोग्रॅम लिहून सॉफ्टवेअरसोबत कंपाइल करता येतो. बटणं वेगळी, विचार एकच.

कोयनेसाठी सूत्र असं होईल: ९८१० × (९१.७५ − वाय). वाय म्हणजे पायापासूनची उंची मीटरमध्ये, उत्तर पास्कलमध्ये. सूत्र निर्दोष दिसतं, पण भिंत १०३ मीटर आहे. पाण्याच्या वरच्या सव्वाअकरा मीटरमध्ये कंसातली संख्या ऋण होते आणि सॉफ्टवेअर निमूटपणे तिथे ऋण दाब लावतं. ऋण दाब म्हणजे ओढ. माथ्याशी ती ११० किलोपास्कलपर्यंत जाते, जणू कोणी धरणाचा माथा जलाशयाच्या दिशेने खेचतंय. सॉफ्टवेअर कसलीही सूचना देत नाही, कारण त्याच्या लेखी सूत्र बरोबरच आहे. सूत्रात ‘शून्य किंवा त्याहून मोठं’ अशी अट लिहिता आली तर लिहावी. पण मला जास्त पसंत आहे ती दुसरी रीत: पाण्याच्या पातळीवर भिंतीच्या फेसचे दोन तुकडे करायचे आणि भार फक्त खालच्या तुकड्यावर लावायचा. मेशसुद्धा (सॉफ्टवेअर मॉडेलचे एलिमेंट नावाचे छोटे तुकडे पाडतं, त्यांची जाळी) मग बरोबर पातळीवर तुटते आणि एखादा एलिमेंट अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर अशी अवस्था होत नाही.

याच सूत्रात आणखी दोन गोष्टी दडलेल्या आहेत. वाय शून्य कुठे आहे? ज्याने भूमिती काढली त्याने आरंभबिंदू माथ्यावर ठेवला असेल, तर हेच सूत्र भलताच दाब देईल. सूत्र सहसा मॉडेलच्या मूळ अक्षांवर चालतं. भाग फिरवला किंवा हलवला तरी सूत्र त्याच्यासोबत हलत नाही, जोवर तुम्ही त्याला स्वतंत्र अक्ष नेमून देत नाही. दुसरी गोष्ट युनिटची. भूमिती मिलिमीटरमध्ये असेल तर वाय ९१७५० पर्यंत जातो, दाब मेगापास्कलमध्ये लागतो आणि गुणक ९.८१ च्या मागे दशांशचिन्हानंतर शून्यं घेऊन ०.०००००९८१ असा होतो. तिथे एखादं शून्य इकडचं तिकडे झालं तर सूत्राकडे पाहून कळत नाही. म्हणून सूत्र लिहिलं की दोन-तीन उंचींवरचं उत्तर आधी कागदावर काढून ठेवावं. पायथ्याशी ९००, मानेच्या पातळीवर २४८, पाण्याच्या पातळीवर शून्य. मग सॉफ्टवेअरमध्ये लागलेल्या दाबाचं रंगीत चित्र काढून त्याच तीन जागा पाहाव्यात. उत्तराचं नव्हे, लागलेल्या भाराचं चित्र. बहुतेक सॉफ्टवेअर ते दाखवतं, बहुतेक लोक ते उघडत नाहीत.

सूत्र गुळगुळीत असलं तरी सॉफ्टवेअर ते तसंच्या तसं वापरतं असं नाही. बऱ्याचदा प्रत्येक एलिमेंटच्या फेसच्या मध्यावर एकदा किंमत काढली जाते आणि त्या पूर्ण फेसवर तीच लावली जाते. तिरकी रेघ पायऱ्यांची होते. पाण्याच्या दाबासाठी हे फारसं बोचत नाही: उंचीत फक्त चार एलिमेंट असतील तर पायाच्या मोमेंटमध्ये ३ टक्क्यांची चूक, दहा असतील तर अर्धा टक्का. पण दाब एखाद्या छोट्या जागेत झपाट्याने बदलत असेल, म्हणजे गिअरच्या दातावर किंवा बोल्टच्या भोकाभोवती, तर याच पायऱ्या उत्तर नासवतात. मेश बारीक करताना आपण ताण कुठे जास्त आहे ते पाहतो. भार कुठे वेगाने बदलतो तेही पाहायला हवं.

कधीकधी सूत्रच नसतं, नुसते आकडे असतात. सेन्सरने मोजलेले, किंवा हवेच्या प्रवाहाच्या दुसऱ्या सिम्युलेशनमधून आलेले: एक्स, वाय, झेड आणि त्या जागेची किंमत, अशा हजारो ओळी. ही माहिती अबॅकस मॅप्ड फील्ड म्हणून घेतं, अ‍ॅन्सिसमध्ये एक्स्टर्नल डेटा नावाचा वेगळा ठोकळाच आहे. मोजलेले बिंदू आणि आपले नोड (एलिमेंट एकमेकांना जोडणारे बिंदू) कधीच एकमेकांवर बसत नाहीत, म्हणून मधल्या किमती सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. सर्वांत जवळच्या बिंदूची किंमत उचलणं ही सोपी पण धोक्याची पद्धत आहे. पातळ पत्र्याच्या एका बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूला सहज जाऊन बसतो. आणि जिथे जवळपास बिंदूच नाही तिथे काय भरायचं? काही ठिकाणी शून्य भरलं जातं. दाबाला शून्य एकवेळ चालेल. तापमानाला शून्य म्हणजे धरणाच्या मधोमध बर्फ.

तापमानाकडे सविस्तर पाहायला हवं, कारण त्याची अडचण वेगळी आहे. दाब स्वतःच भार असतो. तापमान हा भार नाही. तापमान कशापासून किती बदललं, हा भार आहे. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे साधारण १० मायक्रोमीटर फुगतं. ते मोकळं असेल तर फुगतं आणि प्रश्न मिटतो. अडवलं तर ताण येतो. कोयनेच्या काँक्रीटचा ताठपणा (इलॅस्टिक मॉड्युलस) सुमारे ३१,००० मेगापास्कल धरतात, म्हणजे पूर्ण अडवलेलं काँक्रीट फक्त १० अंशांनी थंड झालं तर ३.१ मेगापास्कलची ओढ. मघाशी पाहिलेल्या २.४ च्या वर. (तापमान सावकाश उतरलं तर काँक्रीट हळूहळू सैलावतं आणि खरा आकडा कमी राहतो, पण धोका याच पातळीचा आहे.) अमेरिकेत १९३०च्या दशकात हूव्हर धरण बांधताना काँक्रीटमध्ये नळ्या घालून थंड पाणी फिरवलं होतं, ते याचसाठी.

म्हणून तापमानाचं फील्ड लावण्याआधी ताणविरहित तापमान किती, हे सांगावं लागतं: काँक्रीट घट्ट झालं तेव्हा ते किती अंशांवर होतं. हे सांगितलं नाही तर अबॅकस सुरुवातीचं तापमान शून्य धरतं, अ‍ॅन्सिसमध्ये न बदललेला आकडा २२ अंश असतो. २५ अंशांचं धरण अबॅकसमध्ये नुसतं २५ म्हणून दिलं, तर ते शून्यापासून २५ अंश तापलं असा अर्थ होतो आणि पायाशी प्रचंड खोटा ताण उभा राहतो. तेच आकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त ३ अंशांची वाढ समजली जाते. उत्तरं आठपट वेगळी, आणि दोन्ही ठिकाणी चूक दिसत नाही.

धरणात तापमान कसं पसरलेलं असतं? पाण्याकडच्या अंगाला वरचं पाणी ऋतूप्रमाणे तापतं-निवतं, खोल पाणी वर्षभर बऱ्यापैकी एकसारखं राहतं. मागच्या अंगाला ऊन आणि रात्रीची थंडी. पण काँक्रीट उष्णता फार सावकाश आत नेतं. दिवस-रात्रीचा चढउतार अर्धा मीटर आत जाईपर्यंत विसाव्या हिश्श्यावर येतो. वर्षाचा चढउतार तेवढा विरायला साडेनऊ मीटर लागतात. म्हणजे ७० मीटर जाडीच्या पायाच्या गाभ्याला उन्हाळा-हिवाळा जवळजवळ कळतच नाही, आणि १९ मीटरच्या मानेत तो दोन्ही बाजूंनी निम्म्या जाडीपर्यंत पोचतो. हे सूत्रात लिहिता येतं: पृष्ठभागापासून आत जाताना ठरावीक अंतराला ठरावीक पटीने कमी होणारं तापमान. पण पृष्ठभागाजवळचे एलिमेंट दोन मीटरचे असतील तर दिवसाची लाट त्या मेशला दिसणारच नाही, सूत्र कितीही नेमकं असो. तिथे सेंटिमीटरांत मोजावे असे एलिमेंट लागतात, किंवा दिवसाचा परिणाम सोडून फक्त ऋतूचा अभ्यास करतोय असं स्पष्ट ठरवावं लागतं.

खरं तर सूत्रापेक्षा आधी वेगळं उष्णतेचं गणित करावं आणि त्यातली प्रत्येक नोडची तापमानं ताणाच्या गणितात आणावीत, हे जास्त चांगलं. दोन्हींची मेश एकच असेल तर मधल्या अंदाजाचा प्रश्नही येत नाही.

तापमान नीट लागलं की नाही हे तपासायची एक चाचणी मला फार आवडते. मॉडेलचा पाया मोकळा करा, फक्त ते सरकणार किंवा फिरणार नाही एवढाच आधार ठेवा. सगळीकडे १० अंशांची सारखी वाढ द्या. ताण शून्य आला पाहिजे. आता एका बाजूला ० आणि दुसऱ्या बाजूला १० अंश, मध्ये सरळ रेषेत वाढ असं द्या. भिंत वाकेल, पण ताण तरीही शून्य! अनेकांना हे पटत नाही. मोकळ्या वस्तूत तापमान सरळ रेषेत बदलत असेल तर प्रत्येक भाग शेजाऱ्याला न अडवता फुगू शकतो, म्हणून ताण येत नाही. (साध्या एलिमेंटमध्ये किंचित खोटा ताण उरतो, मेश बारीक केली की तो विरतो.) ताण येतो तो तापमानाची रेषा वाकडी झाल्यावर किंवा बाहेरून अडवल्यावर. ही चाचणी पार पडली की मगच पाया घट्ट करा. आणि पाया म्हणजे तळाचे नोड जागच्या जागी बांधून टाकणं नव्हे. खालच्या खडकाचा चांगला मोठा तुकडाही मॉडेलमध्ये घ्या. खडक थोडा मागे सरकतो, बांधलेला नोड अजिबात सरकत नाही, आणि टाचेपाशी (पायाच्या पाण्याकडच्या कोपऱ्याशी) दिसणारा भयंकर ताण बऱ्याचदा त्या बांधण्याचाच असतो.

आता भूकंप. धरण हलतं तेव्हा पाणीही त्याच्यासोबत हलायला बघतं आणि भिंतीला जादा रेटा देतं. वेस्टरगार्ड या अभियंत्यांनी १९३३ मध्ये यासाठी एक सोपी रीत दिली: ठरावीक वस्तुमानाचं पाणी भिंतीलाच चिकटून हलतंय असं समजा. दर चौरस मीटरला हे वस्तुमान म्हणजे पाण्याची घनता, गुणिले सात अष्टमांश, गुणिले पाण्याची एकूण खोली आणि त्या जागेची खोली यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. कोयनेत ते पायथ्याशी ८० टन येतं आणि मानेच्या पातळीवर ४२ टन.

या दोन आकड्यांपाशी थांबावंसं वाटतं. स्थिर पाण्याचा दाब मानेपाशी पायथ्याच्या २८ टक्के होता. हलत्या पाण्याचं वस्तुमान तिथे ५२ टक्के आहे. वर्गमूळामुळे ते पृष्ठभागापासून झपाट्याने वाढतं आणि खाली जाताना मंदावतं. तेच पाणी, तीच भिंत, पण पसरण्याची तऱ्हा वेगळी, आणि ती नेमकी भिंतीच्या वरच्या, बारीक भागावर जास्त वजन टाकते. कोणी कामाच्या घाईत भूकंपातला रेटाही स्थिर दाबासारखा त्रिकोणी धरला, तर मानेवरचा धोका कमी दिसेल. खऱ्या मांडणीने मॉडेल चालवलं की मागच्या बाजूला उतार बदलतो तिथून भेग सुरू होऊन आत शिरताना दिसते. १९६७ मध्ये भेगा याच उंचीवर होत्या.

हे वस्तुमान सॉफ्टवेअरमध्ये प्रेशरच्या खिडकीतून देता येत नाही. प्रत्येक नोडच्या वाट्याला भिंतीचं जेवढं क्षेत्रफळ येतं त्याने गुणून ते नोडवर ठेवायचं, आणि ते फक्त भिंतीला काटकोनातल्या हालचालीला लागू व्हायला हवं. पाणी भिंतीला ढकलतं, भिंतीसोबत वरखाली होत नाही. साधं वस्तुमान ठेवलं तर गुरुत्वाकर्षण त्याचंही वजन मोजतं आणि भिंत उगाच खाली दाबली जाते. अबॅकसच्या उदाहरणात यासाठी वापरकर्त्याने स्वतः लिहिलेला एलिमेंट वापरला आहे, कारण तयार खिडकीत ही दिशेची अट बसवणं अवघड जातं.

शेवटी बेरीज करून पाहावी. भिंतीच्या एक मीटर लांबीला या पाण्याचं एकूण वस्तुमान सूत्राने सुमारे ४,९१० टन येतं, म्हणजे धरणाच्या त्याच कापाच्या स्वतःच्या वस्तुमानाच्या साधारण निम्मं. नोडवर ठेवलेल्या आकड्यांची बेरीज याच्या जवळ यायला हवी. नसेल येत तर बहुधा अगदी वरच्या आणि अगदी खालच्या नोडला पूर्ण क्षेत्रफळ दिलं गेलेलं असतं, त्यांच्या वाट्याला अर्धंच येतं. बेरीज जुळल्यावर मानेच्या पातळीवरचा नोड उघडून त्याच्या क्षेत्रफळाने भागावं आणि ४२ टन दिसतात का ते बघावं.